उकिरड्याचें ऋण

गेल्या दिवाळींत चार दिवस आम्ही दीपनगरास होतों. भुसावळजवळचें हें ठिकाण जुन्या अर्थानें गांव नव्हे. औष्णिक विद्युत्केंद्राच्या आश्रयानें वसलेली ती वसाहत आहे. आणि दगडी कोळसा जाळून दुसऱ्यांच्या घरांत दिवे लावणें हाच तिचा धंदा असल्यामुळें तिचें नांव सार्थ म्हटलें पाहिजे. आमचे एक आप्त तेथें राहतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं त्यांच्यासह आम्ही वसाहतीबाहेर शेतांच्या बाजूस फिरावयास निघालों, तों एका वस्तीवर गोठ्यामागच्या उकिरड्याच्या माथ्यावर मातीची पणती तेवत असलेली दिसली. उकिरड्यावर दिवा ठेवण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे व लहानपणीं आमच्या घरींहि आम्हीं ती पाहिलेली आहे. पुढें आम्ही शहरांत राहावयास आलों तेव्हां उंबऱ्यावरचे आणि तुळशीपुढचे दिवे आमच्याबरोबर आले; उकिरड्यावरचा तेवढा मागें राहिला.

तो दिवा पाहून आम्हांस जें बरें वाटलें तें फार वेळ टिकलें नाहीं. उकिरड्यापासून तीस-चाळीस पावलांवर त्याच वस्तीची विहीर आहे. तिचें पाणी गुरांना चालतें, धुण्याला चालतें. पण घरांत तान्हें मूल आल्यापासून पिण्याचें पाणी दुसरीकडून आणतात, कारण तपासणींत विहिरीच्या पाण्यांतील नायट्रेट मर्यादेबाहेर निघालें. वस्तीचे वृद्ध यजमान, ज्यांस लहानथोर सारे नाना म्हणून हांक मारतात, त्यांनीं ही हकीकत सांगितली ती तक्रारीच्या सुरांत नव्हे. विहिरीस आजवर कोणीं अपशब्द बोललें नाहीं, तिच्यांत कोणीं पाय धुतले नाहींत, दरसाल तिची पूजा होते. मग ती बिघडावी कां, एवढेंच त्यांस कळत नव्हतें.

ही एका वस्तीची गोष्ट असती तर तिच्यासाठीं या मासिकाचीं पानें अडविण्याचें आम्हांस कारण नव्हतें. भूजलांत नायट्रेटचें प्रमाण विशेष चिंताजनक असलेल्या देशांतील १५ जिल्ह्यांचीं नांवें केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालांत आलीं आहेत. त्यांत आमचा जळगांव आहे, आणि महाराष्ट्रांतून त्याच्या सोबतीस वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड व बीड आहेत. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट असावें, अधिक असूं नये, असा आपल्याकडील दंडक आहे. मोठ्या माणसाच्या पोटांत थोडें अधिक गेल्यानें त्यास तत्काळ कांहीं जाणवत नाहीं. तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत कॉमली नांवाच्या डॉक्टरानें १९४५ सालीं दाखवून दिलें कीं, शेतावरच्या विहिरीच्या पाण्यांत कालविलेलें दूध पाजल्यामुळें कांहीं अर्भकें निळीं पडतात. नायट्रेटपासून पोटांत नायट्राइट होतें, आणि तें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्तिच हिरावून घेतें.

जळगांव जिल्ह्यांतील सारें नायट्रेट गोठ्यांतून आलें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. केळीच्या बागांस दिलेला युरिया आणि घरोघरचे शौचखड्डे यांचाहि त्यांत मोठा वाटा आहे. नानांच्या विहिरीपुरतें पाहिलें तर उकिरडा चढाच्या अंगास आहे आणि विहीर उताराच्या, एवढ्यावरून जो निष्कर्ष निघतो तो काढण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं.

उकिरड्यांत काय घडतें तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढचा सारा नीतीचा प्रश्न त्यावर उभा आहे. एक मोठें जनावर दिवसाकांठीं पंधरा ते वीस किलो शेण टाकतें. चाऱ्यांतून जो नत्र त्याच्या पोटांत जातो त्याचा फार तर चौथा हिस्सा दुधांत उतरतो. बाकीचा बाहेर पडतो, आणि त्यांतलाहि सुमारें अर्धा मूत्रावाटे. शेण आपण निदान गोळा तरी करतों. मूत्र गोठ्याच्या जमिनींत मुरूं देतों किंवा नालींतून वाहूं देतों. मूत्रांतील युरियाचा एकदोन दिवसांत अमोनिया होतो व तो हवेंत उडतो. गोठ्यांत शिरतांच नाकाला जो झणका बसतो तो दुसरें तिसरें कांहीं नसून शेतकऱ्याचें उडून चाललेलें भांडवल आहे. जो नत्र उडत नाहीं त्याचें जंतूंच्या योगानें नायट्रेट होतें. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवीत नाहींत, म्हणून पावसाच्या पाण्याबरोबर तें खालीं उतरतें व विहिरीस मिळतें. स्फुरदाची रीत निराळी. तो मातीस घट्ट चिकटतो. पण उघड्या उकिरड्यावरून पाण्याचा लोंढा गेला म्हणजे मातीसकट ओढ्यांत जातो, आणि मग डोहावर हिरवी साय धरते. ज्या द्रव्यांनीं केळीचा घड भरतो त्याच द्रव्यांनीं विहीर नासते व डोह कुजतो. द्रव्य तेंच, फरक पडतो तो तें कोठें पोंचलें यानें.

शेणाविषयीं आपल्या समाजाचें मन पहिल्यापासूनच दुभंगलेलें आहे. 'शेण खाल्लें' म्हणजे निंद्य कर्म केलें. आणि शेणाचा सडा घातल्याशिवाय अंगण पवित्र होत नाहीं. जुन्या वळणाचा मनुष्य त्यास पंचगव्यांत स्थान देतो, आमच्यासारखा इंग्रजी शिकलेला नाकाला रुमाल लावतो. या दोघांचा वाद शंभर वर्षें चालला आहे, पण तें शेण किती, त्यांतलें शेतास परत किती गेलें व वाटेंत किती सांडलें, हें मोजण्याची इच्छा दोघांपैकीं एकासहि झालेली नाहीं. नानांच्या वस्तीवर उकिरड्यास दिवा मिळाला. वर छप्पर आणि खालीं फरशी मात्र मिळाली नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, येथें अपराध कोणाचा? नानांचा हेतु वाईट होता असें कोणीहि म्हणणार नाहीं. नीतीचा निर्णय हेतूवरून करावा असें कांटच्या पंथाचे लोक सांगतात. त्या न्यायानें नाना निर्दोष सुटतात आणि विहीर तशीच राहते. परिणामांवरून करावा असें मिलच्या पंथाचे सांगतात. पण ती विहीर एका दिवसाच्या, एका गायीच्या किंवा एका पिढीच्या शेणानें बिघडलेली नाहीं. चाळीस वर्षांतील हजारों घमेल्यांपैकीं कोणतें घमेलें दोषी धरावयाचें? प्रत्येक घमेलें स्वतंत्र घेतल्यास निरुपद्रवीच ठरतें. म्हणजे हानि तर झाली आहे, मूल तर तहानेलें आहे, आणि पापी मनुष्य कोठेंच सांपडत नाहीं. आम्हीं महाविद्यालयांत तीस वर्षें नीतिशास्त्राचीं पुस्तकें शिकविलीं. पण उकिरडा व विहीर यांमधल्या त्या तीस-चाळीस पावलांत तीं आम्हांस फारशीं उपयोगी पडलीं नाहींत, हें कबूल केलें पाहिजे.

उपयोगी पडली ती आपल्याकडील एक जुनीच कल्पना. मनुष्य देव, ऋषि व पितर यांचीं तीन ऋणें घेऊनच जन्मास येतो असें आपले पूर्वज मानीत. या कल्पनेंतील धार्मिक भाग ज्यास नको असेल त्यानें खुशाल सोडून द्यावा. तिच्यांतील विचाराची मांडणी मात्र मोलाची आहे. ऋण असण्यास अपराध लागत नाहीं. बापानें काढलेलें कर्ज मुलाच्या माथीं येतें, तें त्यानें चोरी केली म्हणून नव्हे. आणि ऋण पश्चात्तापानें फिटत नाहीं, दुसऱ्या कोणास दान दिल्यानेंहि फिटत नाहीं. ज्याचें घेतलें त्यास, जें घेतलें तें, परत करावें लागतें. शेताचें जें द्रव्य चाऱ्याच्या रूपानें गोठ्यांत आलें तें शेतास परत गेलें पाहिजे. तें गेलें नाहीं तर नाहींसें होत नाहीं, कारण द्रव्याचा नाश नाहीं. तें भलत्या ठिकाणीं जाऊन उभें राहतें. प्रदूषण म्हणून ज्यास आपण म्हणतों त्याचा निदान या प्रांतापुरता तरी अर्थ एवढाच, कीं कोणाचें तरी देणें चुकून विहिरींत जमा झालें आहे. यावर कोणी म्हणेल कीं, जमीन ही सावकार नव्हे, तिचें देणें कसलें? आमचेंहि तेंच म्हणणें आहे. सावकार जमीन नव्हे. सावकार तें तान्हें मूल आहे.

पण ऋण आहे म्हटल्यानें तें फेडलें जातें असें नाहीं. नाना हिशेबाचे पक्के आहेत. त्यांनीं आम्हांस युरियाची गोणी दाखविली. ४५ किलोची ही गोणी त्यांस २६६ रुपयांच्या आसपास पडते व तिच्यांत सुमारें २० किलो नत्र असतो. साध्या शेणखतांत शेंकडा अर्ध्या टक्क्याइतका नत्र धरला तर तेवढ्याच नत्रासाठीं चार टन खत, म्हणजे बैलगाडीच्या आठ-दहा खेपा, भरावें, वाहावें व पसरावें लागेल. मजुरी कोणत्याहि दरानें धरा, २६६ रुपयांत हें काम होणें नाहीं. शेणखतानें जमिनीचा पोत सुधारतो, ओल टिकते, स्फुरद व पालाश हेहि मिळतात, हें सारें नाना जाणून आहेत. पण हे लाभ सावकाश येतात आणि मजूर संध्याकाळीं पैसे मागतो. मौज अशी कीं, गोणींतील युरिया आणि गायीच्या मूत्रांतील युरिया हे एकच द्रव्य आहे. १८२८ सालीं व्होलरनें प्रयोगशाळेंत युरिया तयार केला तेव्हांपासून शास्त्रज्ञांस तें ठाऊक आहे. एक नालींतून वाहून जातो, दुसरा गोणींतून विकत येतो, आणि दुसरा स्वस्त मिळतो म्हणूनच पहिला वाहून जातो. ही स्वस्ताई आकाशांतून पडलेली नाहीं. गोणीच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकार आपल्या तिजोरींतून भरतें. तो युरिया ज्या वायूपासून होतो त्यांतला बराचसा परदेशांतून येतो, आणि पालाश तर जवळजवळ सारा बाहेरचा. शेतकऱ्यास अन्न पिकवितां यावें म्हणून हा खर्च होतो, आणि तो करूं नये असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु त्याच पैशानें आपण उकिरड्याकडे दुर्लक्ष करणेंहि परवडेल असें करून ठेविलें आहे.

दुसरी अडचण याहून नाजुक आहे. वस्तीकडून परत येतांना रस्त्याच्या कडेला एक म्हातारी गोवऱ्या थापीत बसलेली दिसली. तिच्याजवळ गाय नाहीं, शेत नाहीं. गुरांच्या मागें टोपली घेऊन फिरावें आणि जें पडेल तें उचलावें, हा तिचा जळणाचा मार्ग. शेण जाळणें म्हणजे त्यांतील नत्र धुरांत घालविणें, हें शास्त्राच्या दृष्टीनें खरें आहे. इंग्रज सरकारनें हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठीं डॉ. व्होल्कर यांस धाडलें होतें. त्यांचा अहवाल १८९३ सालीं निघाला, व त्यांत रयत शेण कां जाळते याची चांगली चर्चा आहे. रयत अडाणी म्हणून जाळते हा त्या काळच्या साहेबी दिवाणखान्यांतला समज त्यांनीं खोडून काढला. जेथें लांकूडफांटा मिळतो तेथें शेतकरी शेण जाळीत नाहीं, म्हणून गांवोगांव जळणाचीं व चाऱ्याचीं राखीव वनें करावीं, असें त्यांनीं सुचविलें. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आतां घराघरांत गॅसची टाकी पोंचली आहे, पण ती रिकामी झाली म्हणजे पुन्हां भरण्यास पैसे लागतात, आणि म्हातारीच्या टोपलीस लागत नाहींत. तिच्याकडे बोट दाखवून भूमातेच्या ऋणाचें प्रवचन देणाऱ्याची आम्हांस लाज वाटेल.

चूल आणि शेत यांचा हा तंटा मिटविण्याचे प्रयत्न आपल्या परिसरांतच झाले आहेत. खानदेशाहून फार दूर नसलेल्या इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत खताची जी पद्धति बसविली ती जगभर इंदूर पद्धति म्हणून प्रसिद्ध आहे. १९३१ सालीं त्यांनीं यशवंत वाड यांच्यासह तिच्यावर ग्रंथ लिहिला. हॉवर्डांचें नांव सर्वांस ठाऊक, वाडांचें मात्र आपणांसहि नाहीं, हें जातां जातां नमूद करून ठेवतों. त्या पद्धतींत आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते ती एक साधी गोष्ट. गोठ्याच्या जमिनीवर माती पसरावयाची, तिच्यांत मूत्र मुरूं द्यावयाचें, आणि ती मूत्रानें भिजलेली माती काडीकचरा, शेण व राख यांबरोबर थरांत घालावयाची. तीन महिन्यांत खत तयार होतें. जो नत्र उडून जावयाचा तो मूठभर मातीनें धरून ठेविला जातो. आतां परदेशांत हेंच काम यंत्रें करतात. द्रवरूप मळांत मॅग्नेशियम घालून स्फुरद व नत्र यांचे स्फटिक पाडतात, अमोनिया हवेनें हुसकून आम्लांत धरतात व त्याचें खत करतात. हजारों जनावरें एका छपराखालीं कोंडलीं म्हणजे असल्या यंत्रांवांचून गत्यंतर नसतें. पांच जनावरांच्या धन्यास माती पुरते. धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ तर याहूनहि थोड्यांत काम भागवितात. ते रात्रीं शेतांतच मेंढ्या बसवितात, लेंड्या व मूत्र जेथल्या तेथें पडतें, आणि शेतकरी त्याबद्दल त्यांस धान्य किंवा पैसे देतो.

गोबरगॅसची कल्पनाहि नवी नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायु धरण्यांत आला व त्यावर दिवेहि लावले गेले. शेणाच्या टाक्या खादी व ग्रामोद्योग आयोगानें १९६० नंतरच्या दशकांत गांवोगांव नेल्या. या टाकींत शेणांतील कार्बनाचा जळणारा वायु होतो आणि नत्र बहुतेक सारा स्लरींत राहतो, म्हणजे एकाच शेणानें आधीं स्वयंपाक होतो व मग खत. मात्र ती स्लरी उन्हांत उघडी टाकली तर अमोनिया उडून केलेलें सारें व्यर्थ जातें, हें पुष्कळांस कोणीं सांगितलेलेंच नसतें.

परंतु टाकी ज्याच्या दारीं चार-पांच जनावरें आहेत त्याचीच. ती बसली कीं धनी आपल्या गुरांमागें स्वतः टोपली घेऊन फिरूं लागतो, आणि म्हातारीची टोपली रिकामी राहते. जोंवर शेणास किंमत नव्हती तोंवर तें जो उचलील त्याचें होतें. किंमत आली कीं त्यास मालक मिळाला. टाकाऊ वस्तूंतून संपत्ति निर्माण करण्याच्या योजना ऐकल्या म्हणजे आम्हांस ही म्हातारी आठवते. छत्तीसगढ सरकारनें २०२० सालीं दोन रुपये किलोनें शेण विकत घेण्याची योजना काढली तेव्हां ज्यांस जमीन नाहीं अशांचेंहि गोळा केलेलें शेण घेतलें जात असे. योजना म्हणून तिच्यांत दोष काढतां येतील; पण उचलणाऱ्याचा हक्क तिनें मानला, एवढें श्रेय तिला दिलें पाहिजे.

हें सारें आम्ही दुसऱ्या दिवशीं नानांपुढें मांडलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "सर, दूध तुमच्या वसाहतींत जातें, शेण तेवढें माझ्याकडे राहतें."

या वाक्यानें आमच्या हिशेबाचें एक पान उलटलें. ऋणको आतांपर्यंत आम्ही गोठ्यांतच शोधीत होतों. रावेर, सावदा, यावल या भागांतून केळीं वर्षानुवर्षें उत्तर हिंदुस्थानांत जात आहेत. प्रत्येक घडाबरोबर जळगांवच्या काळ्या जमिनींतला पालाश जातो, आणि दिल्लीकर केळें खाऊन साल टाकतो तेव्हां तो पालाश यमुनाकांठच्या कचऱ्यांत पडतो. युरोपांत हॉलंडनें ब्राझीलचें सोयाबीन आपल्या गुरांस घातलें; ब्राझीलचें द्रव्य हॉलंडांत सांचलें, आणि शेवटीं २०१९ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें नत्राच्या बाबतींत सरकारची परवाने देण्याची रीत रद्द ठरविली, तेव्हां शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्या रागांत कांहीं तथ्य नव्हतें असें नाहीं. लोणी व चीज खाणारे निराळे. शेणाबद्दल जाब मात्र त्यांनाच विचारला गेला.

दीपनगरांतच याच्या उलट उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कोळशाच्या राखेचाहि एके काळीं कोणी विचार करीत नसे. १९९९ सालीं केंद्र सरकारनें राखेविषयीं अधिसूचना काढली, आणि २०२१ च्या अधिसूचनेनें राख कामीं न लावणाऱ्या केंद्रास भरपाई भरण्याचें बंधन घातलें. आतां ती राख विटांत व सिमेंटांत जाते. गोठे व गोशाळा यांसाठीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. विद्युत्केंद्रास राखेचा खर्च विजेच्या हिशेबांत धरतां येतो. नानांच्या दुधाच्या भावांत उकिरड्याच्या फरशीचे पैसे कोणीं धरले आहेत? वसाहतींतील गृहिणी दुधांत पाणी आहे कीं काय तें पाहतात, आणि तें योग्यच आहे. लिटरमागें दोन रुपये फरशीसाठीं अधिक द्या म्हटलें तर काय उत्तर मिळेल तें आम्हीं आमच्या आप्तांच्या घरीं विचारून पाहिलें. उत्तर येथें छापण्यासारखें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं आम्हीं नानांकडून कुजलेल्या शेणखताचीं दोन पोतीं मोटारींत घालून घेतलीं. घरच्या मंडळींनीं वाटभर खिडक्या उघड्या ठेविल्या. नानांनीं पैसे घेतले नाहींत. दिवाळीचें म्हणून द्या म्हणाले. घरीं आल्यावर तें खत कुंड्यांस व अंगणांतल्या पेरूस घातलें, आणि संवयीप्रमाणें हिशेब मांडला. दोन पोत्यांत मिळून साठ किलो खत, म्हणजे फार तर ३०० ग्रॅम नत्र. एक लिटर दुधामागें गायीकडून बाहेर पडणारा नत्र पंधरा-वीस ग्रॅम धरला, तर आमच्या घरीं रोज लागणाऱ्या दोन लिटर दुधाचें तें आठ-दहा दिवसांचें देणें होतें. त्या दिवशीं भाऊबीज होती. दहा दिवस केव्हांच होऊन गेले.